भिंतीच्या फटीतली जास्वंद

मित्रांनो, नीट बसा आणि माझे बोलणे पुरे होईपर्यंत उठू नका. मी एक जुनी जास्वंद आहे. लाल, पाच पाकळ्यांची आणि एके काळी या अंगणाची मालकीण. आता अंगावर मोजकी पाने उरली आहेत. ताठा मात्र गेलेला नाही.

माझा जन्म बियांतून झाला नाही. या घरातल्या आईने माहेरून एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि अंगणाच्या मधोमध, उतारावर खोचली. मुळांशी पाणी साचता कामा नये, हे तिला ठाऊक होते.

कष्टाची मला कधी लाज वाटली नाही. माझी पाने पाण्यात कुस्करली की बुळबुळीत रस निघे. त्याने ती आपल्या दोन्ही मुलांचे केस धूत असे. फुले ती खोबरेलात मंद आचेवर ठेवी, पाकळ्या कुरकुरीत होईपर्यंत. ते तेल गल्लीतल्या कितीतरी बायकांच्या वेण्यांत मुरले आहे. सुकवलेल्या पाकळ्यांचे सरबत होई, लिंबू पिळताच लालभडक. शाळेचे बूट मळले की मुले माझे फूल त्यांवर घासत. बूट चकाकत आणि बोटे जांभळी होत. डोक्यात घालायचे फूल माझे राजे पायात घालतात, असे ती कौतुकाने म्हणे.

तिची एक शिस्त होती. रोज सकाळी घरभर ऐकू जाईल अशा आवाजात ती विचारी, "जास्वंदीला पाणी घातलं का कुणी?" उत्तर मिळाल्याशिवाय कोणी तांब्या उचलायचा नाही.

आई गेली. वर्ष सरते न सरते तोच भावाभावांत अंगणावरून बिनसले, बोलणे बंद झाले आणि गवंडी भिंत घालायला आला. माझ्यापाशी तो थबकला. झाड कोणाकडे धरायचे, असे त्याने विचारले, तर दोघांनीही आपापल्या बाजूला बोट दाखवले. तोडा, असे मात्र एकानेही म्हटले नाही. शेवटी माझ्यापुरती फट सोडून त्याने भिंत पुढे नेली. त्या भिंतीने उतार अडला.

थोरला कामावर जाण्याआधी माझ्या मुळाशी बादली रिकामी करी. धाकटा संध्याकाळी परतल्यावर तेच करी. दुसरा आईचे झाड विसरला असणार, अशी प्रत्येकाची खात्री. माझी पाने पिवळी पडली. कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. झाड तहानले आहे असे समजून दोघांनीही पाणी वाढवले. मित्रांनो, तहानेने मरणारे झाड आणि पाण्याने मरणारे झाड सारखीच मान टाकतात. मी ओरडणार कशी?

एका सुट्टीच्या सकाळी दोघे एकाच वेळी फटीपाशी आले, हातात बादल्या.

"तू पाणी घालतोस?" थोरल्याने विचारले.

"आई गेल्यापासून. रोज. आणि तू, दादा?"

"मीही."

थोरली सून खुरपे घेऊन पुढे आली. तिने माती उकरली, तर मूळ तिच्या हातातच आले. काळे, मऊ, कुबट वासाचे.

"दोघांनी मिळून बुडवलंत तिला," ती म्हणाली. "एवढी माया होती, तर एक शब्द विचारताना जीभ झिजत होती का?"

थोरल्याने तोंड फिरवले. धाकट्याने बादलीतले पाणी हळूच गटारात ओतले.

माझ्या शेंड्याची एकच फांदी हिरवी होती. तिची काडी कापून कुंडीत लावली आहे आणि कुंडी भिंतीवर ठेवली आहे. ती जगेल की नाही, मला ठाऊक नाही. ते पाहायला मी नसेन. माझे खोड उपटायचे ठरले आहे.

म्हणून जाता जाता सांगते, आणि ही विनंती नव्हे, आज्ञा समजा. झाड असो की माणूस, त्याची काळजी मनातल्या मनात वाहू नका. आधी शेजारच्याला विचारा, मग हात लावा.

आता रोज सकाळी भिंतीपलीकडून धाकट्याची हाक येते, "दादा, पाणी घातलंस का?" आवाज थेट आईचा. थोरला उत्तर देतो. मी ऐकत राहते. इतकी वर्षे हा प्रश्न माझ्यासाठी विचारला जाई. आता तो कुंडीतल्या काडीसाठी आहे.