चौथं प्रकरण काढणार नाही

एकोणपन्नासाव्या वर्षी पीएच.डी. करणाऱ्या बाईला कोथरूडमध्ये दोन प्रश्न हमखास विचारतात. पगार वाढणार का, आणि आता कशाला? माझा विषय ‘जुन्या वर्तमानपत्रांतला गरीब हा शब्द’ असल्याचं कळलं की विचारणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर कीव यायची. मी शाळामास्तरीण. कीव आम्हाला सवयीची.

पण काय शब्द होता तो! शंभर वर्षांपूर्वीचा संपादक ‘आमच्या गरीब समजुतीप्रमाणे’ म्हणत सरकारची सालटी काढायचा. टांग्याचा घोडा गरीब, वार लावून जेवणारा विद्यार्थी गरीब, नवी सासुरवाशीण गरीब, अख्खा हिंदुस्थान गरीब. एक मामलेदार निवृत्त झाले, तर तेही ‘स्वभावाने गरीब’. नव्वदीनंतर मात्र गरीब माणूस पेपरातून उठला आणि त्याची टक्केवारी तेवढी उरली.

माझी मुलगी उत्कर्षा खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणाली, “आई, तू फक्त स्कॅन कर. मी दोन मिनिटांत सर्च मारून देते.” स्कॅन करण्यात माझी दोन वर्षं गेली.

खरा शोध चौथ्या प्रकरणात होता. १९३० च्या सुमाराच्या एका साप्ताहिकात विडीवाल्या बायका, हमाल, झाडूवाले यांची दोनशे बारा पत्रं छापून आलेली. संपादकाने प्रत्येकावर मथळा ठोकलेला, ‘गरिबांचे गाऱ्हाणे’. पत्रांत मात्र एकानेही स्वतःला गरीब म्हटलं नव्हतं. ते आपलं काम सांगत आणि हक्काचं मागत.

बाहेरगावचे परीक्षक शरच्चंद्र सर यांनी अहवालात लिहिलं, चौथं प्रकरण वगळावं. माझे मार्गदर्शक म्हणाले, “शालनताई, काढून टाका आणि पदवी घ्या. मार्चमध्ये तुमची मुदत संपतेय.” मी काढलं नाही. हट्टीपणा म्हणा हवं तर. त्या बायकांना मी दुसऱ्यांदा गप्प करणार नव्हते.

तोंडी परीक्षा खुली होती. मागच्या रांगेत माझे वडील तात्या कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म गेला बुधवार पेठेत रद्दीच्या दुकानात.

शरच्चंद्र सरांनी थेट विचारलं, “बाई, ही पत्रं आपण आणलीत कुठून? ग्रंथालयातल्या बांधीव फायली मी स्वतः चाळल्या. एकही पत्र नाही. आपण ‘खाजगी संग्रह’ लिहिलंय. तो संग्रह आपल्या डोक्यात आहे का?”

काही जण हसले. माझे कान तापले. पदवी गेली तरी चाललं असतं, पण मला खोटारडी ठरवत होते.

“सर, फायलीतल्या पानांच्या झेरॉक्स आपल्यापाशी आहेत?”

त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला.

“कुठल्याही अंकाचं पहिलं पान काढा. वर आकडा काय आहे?”

त्यांनी चष्मा चढवला. “तीन.” दुसरा अंक काढला. “तीन.” तिसऱ्या अंकाचं पान काढून त्यांनी आकड्यावर नुसतं बोट ठेवलं.

“अंक आठ पानी होता. तीन ते सहा ही आतली पानं. एक, दोन, सात, आठ हे वरचं वेष्टन, त्यावर जाहिराती आणि वाचकांची पत्रं. पासष्ट साली अंक बांधायला दिले, तेव्हा फाईल जाड होते म्हणून बाइंडरने वेष्टनं काढून टाकली आणि रद्दीत घातली. ती आमच्या दुकानात आली.”

तात्या काठी टेकत पुढे आले आणि पिशवी टेबलावर रिकामी केली. पिवळी पानं, कोपऱ्यात आकडे: एक, दोन, सात, आठ. सरांनी आपली झेरॉक्स काढून शेजारी धरली. तारीख जुळली. सहाव्या पानावर अर्धवट राहिलेलं वाक्य सातव्यावर पुरं झालं.

मग ते उभे राहिले आणि एक पत्र खणखणीत आवाजात वाचू लागले. “आम्ही खाली अंगठे केलेल्या बाया दिवसाला हजार विड्या वळतो. मालक त्यातल्या शंभर खोट्या ठरवतो. आम्हाला दया नको, मोजणी आमच्यासमोर व्हावी.”

वाचून झाल्यावर त्यांनी पान जपून टेबलावर ठेवलं.

“चौथं प्रकरण राहील,” सर म्हणाले. “पहिली तीन नसती तरी चाललं असतं. अभिनंदन, डॉक्टर.”

टाळ्या पडल्या. उत्कर्षाने तर शिट्टीच मारली. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलंही नाही.

सर तात्यांजवळ गेले. भारावले होते बिचारे. हात जोडून म्हणाले, “आजोबा, आपण गरिबीतही मुलीसाठी हे सगळं जपलंत!”

तात्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“गरिबी कसली?” ते म्हणाले. “रद्दीचं दुकान होतं आमचं.”