पडलेलं झाड

शाळेत "झाडं वाचवा" म्हणून घसा कोरडा करणाऱ्या बाईंना आता स्वतःच्याच घराच्या जमिनीने घोर लावला होता. घरातली लाकडी जमीन चालताना करकरायची, म्हणून नवी घालायचं ठरलं. पण आपल्या पायांखाली फळ्या याव्यात म्हणून एखादं जंगल उजाड झालं तर? म्हणून पडलेल्या झाडाचंच लाकूड हवं, असं त्यांनी दुकानदाराला फोनवर बजावलं आणि मग दुकान गाठलं.

"हे पडलेल्या झाडाचंच लाकूड आहे ना?" हातातली फळी उलटसुलट करत त्यांनी दुकानदाराला पुन्हा विचारलं.

"अहो ताई, फोनवर शब्द दिलाय ना!"

"पण पडलं कशाने? वादळाने?"

"वादळाची वाट कोण बघत बसतो? आम्ही पाडलं, तेव्हा पडलं."

बाईंनी चटका बसल्यासारखी फळी खाली ठेवली. आणि एकदम त्यांना घरच्या फळ्या आठवल्या. जुन्या होत्या, पण ना कीड, ना कूज. रंधा मारला, सैल झालेले खिळे ठोकले, तर अजून एक पिढी सहज निघाली असती, आणि कुठल्याच झाडाला हात लावावा लागला नसता. हे आधी का नाही सुचलं? त्यांनी लगेच घरी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, ऐका ना, त्या जुन्या फळ्या..."

"तू अजिबात काळजी करू नकोस," पलीकडून ते धापा टाकत, पण मोठ्या खुशीत म्हणाले. "तू गेल्यापासून कुऱ्हाड चालवतोय. एकसुद्धा धड ठेवली नाही!"