सतरा नंबरचा वेग

तिने चौथ्या महिन्याची फाइल उघडली आणि सतरा नंबरची ओळ दोनदा वाचली. तीनशे बारा मिलिसेकंद. पडद्यावर ठिपका उमटला आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बटण दाबलं गेलं.

सतरा नंबर म्हणजे तिचे बाबा.

प्रयोगशाळा बंद पडल्यापासून तिचा प्रयोग घरोघरच्या कॉम्प्युटरवर चालू होता. उतारवयातल्या माणसांचा हात किती चटकन चालतो, हे दर महिन्याला मोजायचं. पण कुणाचं मशीन रडतखडत चाले, कुणाची बटणं अडकत. मोजलेल्या वेळात माणूस किती आणि यंत्र किती, काही कळायला मार्ग नव्हता. तिच्या मार्गदर्शक बाईंनी तर हातच टेकले होते.

बाबांचा वेळ तीन महिने वाढतच गेला होता. सहाशे, आठशे, मग हजाराच्या वर. तिने सगळा दोष यंत्राला दिला आणि नवाकोरा कीबोर्ड घरी पाठवून दिला.

तिने लगेच फोन लावला.

“बाबा, तुमचा जुना कीबोर्डच कामातून गेला होता बघा!”

“हो का?” बाबा म्हणाले. “आईशी बोल.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. आई दबक्या आवाजात म्हणाली,

“या वेळी बटण मी दाबलं.”

“तू? का?”

“आधी त्यांनीच केलं. ठिपका दिसतो म्हणाले, पण बोट खाली जाईना. नवीन कीबोर्डवरही नाही. मग म्हणाले, पोरीचं काम अडायला नको, तू बस.”

“अगं, डॉक्टरांना तरी…”

“दाखवलंय. हे वाढतच जाणार म्हणाले. तुला सांगायचं नाही, असं यांनी बजावलं होतं.”

तिचा हात माउसवर तसाच राहिला. सतरा नंबरची ओळ आता काढून टाकायला हवी होती. तो नियम तिनेच लिहिला होता.

“बाबांना दे.”

फोन हातातून हातात जायला बराच वेळ लागला.

“निकाल चांगला आला ना गं?”

“हो, बाबा. छान आला.”

“मग झालं तर. पुढचा कधी?”

तिने कुठलीतरी तारीख सांगितली.

“थांब हं,” बाबा म्हणाले, “लिहून घेतो.”

कागदावर पेन टेकल्याचा आवाज आला. ती थांबली.