नेफ्यात अडकलेला नाडा

सोमवारी माझा मणका उघडणार होते. शनिवार सकाळपर्यंत तरी तसं नक्की होतं.

तीस वर्षं मी शिलाई मशीनवर बसून लोकांच्या कमरा मोजल्या, आणि माझ्याच कमरेनं मला दगा दिला. उजवीकडे, पट्ट्याच्या जरा खाली कळ उठायची आणि कुल्ल्यात उतरायची. बसलो की आग, उठलो की ठणका. एका डॉक्टरनं सायटिका म्हटलं, दुसऱ्यानं खुबा, तिसऱ्यानं एमआरआय काढून मणक्यातली गादी सरकल्याचं दाखवलं. एक ना धड, भाराभर चिंध्या! माझं डोकं चालेना. गादीच असेल तर कापू दे बापडे, पण नसेल तर? कापड चुकीचं कापलं तर नवं आणता येतं. पाठ कुठून आणू?

बायको माझ्या दुकानात काज-बटणं करते. तिला अंदाजपंचे चालत नाही. "पंजा नका फिरवू, बोटानं दाखवा," असं म्हणत ती रोज सकाळी दुखऱ्या जागी माझ्याच खडूनं फुली मारायची. आंघोळीत फुली जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच पडायची. मणक्यापासून पावणेतीन इंच, कमरेच्या हाडाच्या काठावर. आठवडाभर सूतभरही हलली नाही.

"एमआरआयमध्ये दिसतंय मधे, दुखतंय बाजूला," ती म्हणाली. "रोग रेड्याला नि औषध पखालीला!"

"रेडा कोण?"

"ते नंतर बघू. आधी चला."

शनिवारी तिनं मला फक्त दुखणी बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी एमआरआय बाजूला ठेवला आणि फुलीवर अंगठा दाबला. मी असा बोंबललो की बाहेर बसलेला एक पेशंट उठून घरी गेला.

"इथून बारीक नसा हाडावरून कुल्ल्याच्या कातडीत उतरतात," बाई म्हणाल्या. "काठाशी एक जाड पडदा असतो. त्यातून जाताना एखादी आवळली जाते. एमआरआयमध्ये ती दिसत नाही."

"नेफ्यात नाडा अडकतो तसं?"

"नेफा म्हणजे?"

"पायजम्याच्या कमरेची पोकळ शिवण," बायकोनं सांगितलं.

"अगदी तसंच! पण खात्री करू." त्यांनी फुलीवर बधिर करणारं इंजेक्शन दिलं. "हे चार-पाच तास टिकेल. तेवढ्यापुरतं थांबून परत दुखलं, तर चोर हाच. मग सोमवारचं थांबवा; नाही तर मी खात्री देऊ शकत नाही. याचा इलाज वेगळा आहे."

कळ दहा मिनिटांत गेली. घरी येऊन आठ महिन्यांनी मी मशीनवर बसलो, अख्खी पँट शिवली, आणि तरी जिवाला चैन नाही. दुखावं म्हणू की दुखू नये म्हणू? मला खरंच कळेना. बायको दर पंधरा मिनिटांनी डोकवायची.

"दुखतंय?"

"नाही."

असं म्हटलं की तिचं तोंड पडायचं. नवऱ्याला बरं वाटतंय म्हणून हिरमुसणारी बायको मी पहिल्यांदाच पाहिली.

चार तास झाले. पाच झाले. साडेपाच. मला भीती वाटायला लागली, सोमवारची. मी पायजम्याचा नाडा ओवायला घेतला आणि जरा वाकलो.

"आई गं!"

ती सुई टाकून धावली, सदरा वर करून बघितलं. माझं बोट बरोबर फुलीवर होतं.

"दुखतंय?"

"खूप!"

"देव पावला," ती म्हणाली, आणि डोळे पुसत फोन शोधायला लागली.