वीस मिलिमीटर

शीतखोलीचं दार ढकलून हेमा बाहेर आली आणि नेहमीप्रमाणे तिच्या चष्म्यावर पांढरं धुकं चढलं. आत उणे पाच, बाहेर बहारीनचा ऑगस्ट. काच निवळेपर्यंत ती दाराशी उभी राहायची. अकरा वर्षांत लॅबला याची सवय झाली होती.

"किती?" मॅनेजर शिरीषने विचारलं.

"खाली तीस, वर दहा. सरासरी वीस."

आत एका विजेच्या तारेवर सकाळपासून फवारा चालू होता. कॅनडात तारेला टेकताच गोठणारा पाऊस इथे पंपाने पाडायचा, साचलेला बर्फ मोजायचा आणि तार धरणारा क्लॅम्प टिकतो का ते पाहायचं, हे हेमाचं काम. या क्लॅम्पला पंचवीस मिलिमीटर बर्फ पेलायचा होता.

"मग तीसच धरू ना, ताई. चारला इन्स्पेक्टर येतोय. रिपोर्ट तयार आहे, फक्त तुमची सही."

"पाणी ओघळतं, म्हणून खाली जास्त साचतं. ती एका बाजूची जाडी."

"पण क्लॅम्प हललाय का?"

"वीसला नाही हलला. पंचवीसचं मला माहीत नाही. तुलाही नाही."

शिरीषने तिच्या हातात पेन दिलं. "इथे करा, मी बोट ठेवलंय." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमचं व्हिसा रिन्युअल माझ्या टेबलावर आहे. तुमच्या लेकीचं, शिवांगीचं, बारावीचं वर्ष ना यंदा?"

धुक्यातून तिला त्याच्या शर्टाचा निळा रंग तेवढा दिसत होता.

"दिसल्याशिवाय मी सही करत नाही."

"अहो, कुठे करायची ते सांगतोय ना."

"कशावर करतेय, ते वाचायचंय."

तिने काच पुसली नाही. शिरीष थांबून राहिला. पंप चालवणाऱ्या कमालने हाक मारली, "खलास, मॅडम? बंद करूँ?"

"नहीं, कमालभाई. पाँच मिलिमीटर बाकी है."

काच कडेकडेने निवळत गेली. हेमाने रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचला. 'तीस' खोडून वर 'वीस' लिहिलं, बाजूला वेळ टाकली आणि सही केली.

"हे दाखवून इन्स्पेक्टरला काय सांगू?"

"सांग, मोजणं चालू आहे."

"आणि व्हिसा?"

"तो तुझ्या टेबलावर आहे. हे माझ्या."

तिने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि आत गेली. मोजपट्टी आतच ठेवलेली असे; बाहेरून नेलेली पट्टी बर्फ वितळवते आणि आकडा चुकतो. आत चष्मा स्वच्छ राहिला. बर्फ जिथे सगळ्यात पातळ होता, तिथे तिने पट्टी लावली.