पॅरिसमधली केळी

"…आणि त्या सकाळी त्याने फावडं उचललं," सदानंद मास्तर वाचत होते. अंगठा शेवटच्या पानावर घट्ट दाबलेला. त्या पानावर फावडं नव्हतं की सकाळ नव्हती. नायक जीव द्यायला पॅरिसमधल्या आपल्या खोलीचं दार आतून लावून घेतो, तिथेच फ्रेंच लेखकाने कादंबरी संपवली होती.

समोर बाजेवर रामनाथ डोळे मिटून ऐकत होता. त्याची नजर अधू झाल्यापासून मास्तर रोज दुपारी निर्मळ गावातल्या त्याच्या ओट्यावर नव्या फ्रेंच कादंबऱ्या मराठीत करून वाचायचे. नुसतं वाचलं असतं तर निभावलं असतं. पण मास्तरांची जीभ गप्प कशी बसेल? आजचे फ्रेंच लेखक दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन तत्त्वज्ञाचं मीठ खातात. हवं ते मिळालं नाही तर माणूस तळमळतो, मिळालं तर कंटाळतो, तेव्हा काही नकोसं होणं हेच शहाणपण, असं त्यांनी चवीचवीने समजावलं होतं.

आणि लावणीसाठी केळीच्या मुळाशी फुटलेली पिलं काढून ठेवलेली, ती रामनाथने लावलीच नाहीत. आठ दिवस मांडवात पडून सुकायला लागली. कालच त्याच्या सुनेने, शकूने, मास्तरांना फाटकात गाठलं.

"मास्तर, बाबांना काय वाचून दाखवता? विचारलं तर म्हनतात, लावून काय होनार!"

म्हणून आज मास्तरांनी शेवटच बदलायचं ठरवलं होतं.

"हातभर खोल खड्डा खणला," ते आता पुढे रेटत होते, "शेणखत घातलं, केळीचं पिलू ठेवलं…"

"पॅरिसात?"

"गच्चीवर."

"तिकडं बर्फ पडतो म्हनालात ना?"

"काचेचं छप्पर आहे. मागे सांगायचं राहिलं."

"आनि पानी?"

"बावखलातून," मास्तरांच्या तोंडून निसटलं. गच्चीवर बावखल, वाडीतल्यासारखं गोड्या पाण्याचं तळं, खोदणारा हा जगातला पहिलाच लेखक.

रामनाथने एक डोळा उघडला.

"मास्तर, तो मेला ना?"

मास्तरांनी पानावरचा अंगठा काढला. "मेला. चुकलं माझं, रामनाथ. तुला हे वाचून दाखवायलाच नको होतं."

"पुस्तकाचं काय घेऊन बसलात?" रामनाथने घराकडे पाहून आवाज उतरवला. "वाकलं की डोळ्यापुढं अंधारी येते. सुनेला काय सांगू? तुमचा जर्मन कामाला आला."

मास्तरांना हायसं वाटलं. थोडा अपमानही झाला.

रामनाथ मांडवात गेला. चाचपून चार हिरवी पिलं निवडली आणि फावडं मास्तरांच्या हातात दिलं.

"हातभर खोल," तो मोठ्याने, शकूला ऐकू जाईल असं म्हणाला. "पुस्तकात लिवलंय तसं."