उघड्या कुलपाची किल्ली

भुजंग मास्तरांची सायकल चोरीला गेली तेव्हा मास्तर रडले नाहीत, त्यांचा दोस्त बन्सीधर ढसाढसा रडला. सायकल एकाची आणि रडणारा दुसराच, यात काहीतरी खटकायला हवं होतं. पण जिवाभावाच्या दोस्ताचे डोळे कोण तपासत बसतो?

झालं होतं असं. बन्सीधर मास्तरांची सायकल मागून सेलूच्या बाजाराला गेला आणि संध्याकाळी पायीच परतला. मास्तरांच्या दारात त्याने बसकण मारली.

"भुजंगा, लय मोठी चूक झाली रं. चहा प्यायला टेकलो, कुलूप लावायचंच ऱ्हाऊन गेलं. भाईर येऊन बघतो तर सायकल गायब. ही किल्ली तेवढी खिशात ऱ्हायली." आणि त्याने किल्ली मास्तरांच्या हातावर ठेवली.

मास्तरांनीच त्याला पाणी पाजलं, समजूत घातली. दोघं एका वर्गात शिकलेले. बन्सीधर पाटलांच्या भावकीतला, मास्तर बौद्ध वस्तीतले. तरी बन्सीधर गावादेखत त्यांच्या ओट्यावर येऊन गप्पा मारायचा, आणि मास्तरांना या दोस्तीचा केवढा अभिमान! तो गेल्यावर सत्यशीला, मास्तरांची बायको, एवढंच म्हणाली, "नुकसान आपलं झालं, आन रडायलाय तो. मला काय पटंना बाई." झालं! मास्तर तिच्यावर असे उखडले की घरात अबोला सुरू झाला.

पुढे सगळा पावसाळा मास्तर शेजारच्या गावातल्या शाळेत पायी गेले. काळ्या रानाचा चिखल एकदा चपलेला धरला की सोडत नाही. रोज उशीर, रोज हेडमास्तरांची बोलणी. तरी बन्सीधर भेटला की मास्तर उलट त्यालाच धीर द्यायचे. चांगुलपणाही किती असावा माणसात!

शेवटी पूर्णेहून सासऱ्यांनी आपली जुनी सायकल धाडून दिली. सासरे रेल्वेतले, सायकलही रेल्वेइतकीच खडखडणारी. मागच्या चाकावर तसंच गोल कुलूप, पण त्यात किल्ली अडकून बसलेली. कुलूप लावलं तरी निघत नव्हती. तेव्हा एका रविवारी दुपारी मास्तरांनी कुलूप सायकलवरून उतरवलं, कानशीने रिवेटांची डोकी घासली आणि वरचा पत्रा उचकटला.

आत फार काही नव्हतं. चाकातून जाणारा वाकडा दांडा, त्याला मागे खेचणारी स्प्रिंग आणि किल्लीच्या दातांवर बसलेल्या दोन-तीन पातळ पट्ट्या. सगळीकडे गंज आणि वाळलेलं तेल. मास्तरांनी रॉकेलचा बोळा फिरवला, अंगठ्याने दांडा पुढे रेटला. कुलूप लागलं, पट्ट्या खाली सरकल्या आणि किल्ली अलगद हातात आली. मास्तर खूश झाले. मग किल्ली घालून फिरवली. दांडा सपकन मागे गेला, कुलूप उघडलं, आणि पट्ट्यांनी किल्लीचे दात पकडून ठेवले. ओढली तरी येईना.

त्यांना आधी वाटलं, अजून गंज आहे. मग नीट पाहिल्यावर कळलं, हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. उघड्या कुलपाची किल्ली कुठे हरवू नये म्हणून बनवणाऱ्याने ती आतच धरून ठेवली होती. लागल्याशिवाय हे कुलूप किल्ली सोडतच नाही. हाताला हे रोजचं ठाऊक होतं. डोक्याने कधी लक्ष दिलं नव्हतं.

आणि चोरीला गेलेल्या सायकलचं कुलूप अगदी याच जातीचं होतं.

बन्सीधरने कुलूप लावलंच नव्हतं, तर किल्ली त्याच्या खिशात आली कुठून?

मास्तरांचं मन मानेना. त्यांनी पुन्हा किल्ली ओढली, हिसका दिला, बोटं सोलवटली. एकदा, नुसती एकदा जरी ती सुटली असती तरी त्यांचा दोस्त वाचला असता. ती सुटली नाही.

सायकलीचा पत्ता लागतो का बघतो, एवढंच सत्यशीलाला सांगून मास्तर उघडं कुलूप तसंच हातात घेऊन बन्सीधरच्या शेतातल्या आखाड्यावर गेले. तो गोठ्यापाशी वैरण तोडत होता.

"बन्सी, ह्यातली किल्ली काढ. कुलूप न लावता."

बन्सीधर हसला. एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढली, आणि त्याचा हात तसाच थांबला. त्याने वर पाहिलंच नाही.

"कुठं हाय सायकल?" मास्तरांनी विचारलं.

"रुखमीच्या घरी."

रुख्मिणी म्हणजे बन्सीधरची लेक. चोरीनंतर थोड्याच दिवसांत तिचं लग्न झालं होतं. नवऱ्या मुलाने सायकलसाठी हट्ट धरला होता, आणि मांडवात ताज्या हिरव्या रंगाची, नवं कुलूप लावलेली सायकल हार घालून उभी होती. मास्तरांनी तिच्या सीटवर थाप मारून म्हटलं होतं, "दणकट घेतलीस गड्या." आता ते आठवून त्यांच्या अंगाची आग झाली.

"मागितली असतीस तर दिली नसती का रं मी?"

"दिली असतीस. मला का म्हाईत न्हाई?" बन्सीधर पुटपुटला. "पर तुज्याकडनं मागून आणलेली सायकल जावयाला दिली, आसं कळलं आसतं तर सोयऱ्यांनी ती दाराला लागू दिली नसती. भावकीत मान खाली गेली आसती माजी."

"आन चोरली, तवा न्हाई गेली?"

"ते कुणाला कळणार व्हतं?" बन्सीधर सरळ म्हणाला, जणू हिशेब अगदी बरोबर होता. मग हात जोडून म्हणाला, "बोलू नको रं कुटं. पोरीचा संसार हाय."

मास्तरांनी कुलूप त्याच्या हातातून काढून घेतलं आणि घरचा रस्ता धरला. चोरी त्यांनी एखाद वेळी पोटात घातली असती. पण इतकी वर्षं जिला ते दोस्ती समजत होते, ती फक्त ओट्यापुरतीच होती.

घरी सत्यशीला वाट पाहत होती. "काय झालं? सायकलीचा पत्ता लागला का?"

"लागला. पर आणायची न्हाई."

"का?"

मास्तर उंबऱ्यावर बसले. "बन्सीला सायकल पायजे व्हती, सत्यशीला. आपलं नाव तेवढं नको व्हतं."

एरवी 'मी म्हणत नव्हते का' म्हणायला तिला एवढंसं निमित्त पुरायचं. त्या दिवशी ती येऊन त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली.